पहिला दिवस हिशेबात धरू नका

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. फळ्यावर जगाचा नकाशा काढताना सगळ्यात शेवटी, खाली उजव्या कोपऱ्यात, खडूने दोन तुकडे काढायचे ते न्यूझीलंड. ‘हे दोन तुकडे एकदा पायाखाली घालायचेच’ असं तेव्हापासून मनात होतं, असं त्या लिहितात. आता जमलं आहे. दिवाळी झाली की नोव्हेंबरच्या मध्याला, यजमानांसोबत, चौदा दिवस. यजमान काजू-आंब्याचे बागायतदार, मधुमेहाच्या गोळ्या चालू, उजवा गुडघा कुरकुरतो. डोंबिवलीच्या भाच्याने कार्यक्रम आखून दिला आहे: रविवारी संध्याकाळी घर सोडायचं, कुडाळहून रात्रीची गाडी, सोमवार भाच्याकडे, सोमवारी रात्री मुंबईहून विमान, मंगळवारी सकाळी सिंगापूर, तिथे दीड-दोन तासांत दुसरं विमान, मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमारास ऑकलंड आणि बुधवारी सकाळी आठला रोटोरुआची बस. पुढच्या दिवसांत आणखी आठ गावं.

ताईंना हे फार धावपळीचं वाटतं. मध्ये कुठे तरी एक दिवस थांबावं असं त्या म्हणाल्या, तर यजमानांचं उत्तर आलं, “थंय जावन झोपाचाच असला तर घराकडे काय खाट नाय?” त्यात नणंदेने घाबरवून ठेवलंय. ती युरोपला जाऊन आली आणि म्हणाली की पहिल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत बसून नुसती रडले, कशाला आलो असं झालं. ताईंचा प्रश्न असा: “माझंही तसंच झालं तर? ग्रॅच्युइटीचे पैसे घालून रडायला जायचं का? आणि सोबत खायला काय काय न्यावं?”

ताई, नमस्कार.

भाच्याचा तक्ता वाईट नाही. वेळा नीट लिहिल्यात, मुंबई ते ऑकलंड एकाच तिकिटावर आहे, व्हिसा हातात आहे. त्यात एक रकाना तेवढा कमी आहे. प्रत्येक वेळेपुढे तेव्हा वेंगुर्ल्यात किती वाजले असतील ते लिहा आणि मग तोच कागद यजमानांपुढे ठेवा.

नोव्हेंबरात न्यूझीलंडचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं. तिथल्या हिवाळ्यात हा फरक साडेसहाचा असतो, पण सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते काटे तासभर पुढे करतात ते थेट एप्रिलपर्यंत. म्हणजे तुम्ही मध्यरात्री ऑकलंडला उतराल तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे दुपारचे साडेचार. रविवारी संध्याकाळी सहाला उंबरा ओलांडला असेल तर घर सोडून साडेशेहेचाळीस तास झाले. तपासण्या, सामान, टॅक्सी करून हॉटेलात पोचायला पहाटेचे दोन. शरीराच्या हिशेबाने ती संध्याकाळची साडेसहाची वेळ, चहा होऊन तुळशीपाशी दिवा लावायची. झोप कुठून येणार? कूस बदलत पहाट होईल, कुठे डोळा लागतो न लागतो तोच उठायचं आणि आठच्या बसमध्ये बसायचं. आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. त्यानंतर रोटोरुआपर्यंत सव्वादोनशेच्या वर किलोमीटर.

नणंदेच्या रडण्याचं मला अजिबात नवल वाटत नाही. दोन रात्रींची झोप गेलेला माणूस रात्री साडेबाराला जगातलं सगळ्यात सुंदर तळं बघायला उभा केला, तरी तो रडेल नाही तर भांडेल. युरोपने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. त्या दिवशी तिला युरोप दिसलाच नाही, स्वतःचा थकवा दिसला. परदेशाचं पहिलं दर्शन म्हणून लोक जे सांगतात त्यातलं निम्मं हेच असतं, आणि ते त्या देशाच्या नावावर खपतं.

तुम्ही तर पूर्वेकडे निघाला आहात. पूर्वेचा प्रवास शरीराला पश्चिमेपेक्षा जड जातो. आपलं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांहून थोडं लांब चालतं. त्यामुळे दिवस लांबवणं, उशिरा झोपणं त्याला सोपं पडतं, पण पूर्वेला जाताना दिवस आखडायचा असतो, भूक नाही तेव्हा जेवायचं आणि झोप नाही तेव्हा झोपायचं असतं. साधारण तासाला एक दिवस असा ठोकताळा धरतात. पावसाळी वेळापत्रक लागलेली कोकण रेल्वे कशी सावकाश चालते, तसं पहिले तीन-चार दिवस शरीर चालणार. गाडीला आपण तेव्हा शिव्या घालत नाही, दरडींचे दिवस आहेत म्हणून समजून घेतो. स्वतःच्या बाबतीतही तेवढी समजूत दाखवा आणि कार्यक्रम त्याच वेगाने आखा.

माझा सल्ला असा. चौदा दिवसांतला एक दिवस जाताना सिंगापूरला द्या आणि एक पूर्ण दिवस ऑकलंडला, काहीही न बघता. त्या बदल्यात आठ गावांतली दोन कापा. ती कशी निवडायची ते पुढे सांगते.

आधी मुंबईपर्यंतचं. रात्रीच्या गाडीला माझा विरोध नाही. यजमानांना बर्थवर आडवं झाल्याबरोबर झोप लागत असेल, तर गुडघ्याला तिच्यासारखं सुख नाही. मात्र रविवारऐवजी शनिवारी निघा. नोव्हेंबरात पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं, तरी गाडी चार तास उशिरा आली म्हणून विमान थांबत नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर तर कोणीच राहू नये. त्या रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा शाळेत जाणारी मुलं आता नोकरीला लागली. गाडीत झोप येत नसेल तर गोव्यातल्या मोपाचा विचार करा. तो विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून वेंगुर्ले-सावंतवाडीवाल्यांना मुंबई खूप जवळ आली आहे. तुमच्या दारातून दीड तासाच्या आत मोपा, तिथून मुंबई तासा-सव्वा तासात. पण हे तिकीट पुढच्या तिकिटाला जोडलेलं नसेल, तर मध्ये सहा-सात तास ठेवा. वेगवेगळी तिकिटं असली की पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते. एकाच तिकिटावर असलात तर पुढची सोय लावणं त्यांच्यावर असतं आणि सामानही थेट शेवटच्या मुक्कामाला जातं.

आता सिंगापूर. भारतातून न्यूझीलंडला सध्या थेट विमान नाही, त्यामुळे कुठे तरी उतरायचं आहेच. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, तिथून ऑकलंड जवळजवळ दहा तास. सकाळी पोचून लगेच दुसऱ्यात चढण्यापेक्षा संध्याकाळचं-रात्रीचं विमान घ्या. मधला दिवस काढायचे दोन मार्ग आहेत. न्यूझीलंडचा वैध व्हिसा आणि पुढचं तिकीट हातात असलेल्या भारतीयांना सिंगापूर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडू देतं. व्हिसाची मुदत महिनाभर तरी शिल्लक हवी, येण्याआधी तीन दिवसांत त्यांचं आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं (ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं लबाड), आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा. दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त पसंत आहे. चांगी विमानतळाच्या आतच तासांच्या बोलीवर खोल्या मिळतात. कुठला शिक्का नाही, रांग नाही. आंघोळ करायची, पाय पसरून पाच-सहा तास झोपायचं, उठून टर्मिनल तीनमधल्या फुलपाखरांच्या बागेत जायचं. खोली आत्ताच राखून ठेवा, आयत्या वेळी भरलेल्या असतात.

असं केलंत की दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, लख्ख उजेडात ऑकलंडला उतराल. मध्यरात्री परक्या शहरात उतरणं आणि दिवसाढवळ्या उतरणं यातला फरक पैशात मोजायला बसू नका. यजमानांना खाटेचंच उत्तर द्यायचं असेल तर सांगा की घरच्या खाटेवर झोपून ऑकलंड उजाडत नाही.

विमानात दहा तास बसायचं म्हणजे गुडघा आणि साखर दोन्ही सांभाळायला हवं. बाजूची, ये-जा करायच्या वाटेकडची जागा यजमानांना द्या, खिडकी तुम्हाला. चार तासांहून लांब बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, म्हणून तासा-दोन तासांनी उठणं, बसल्या जागी पावलं वरखाली करणं आणि पाणी पिणं. आतली हवा फार कोरडी असते. आपल्यासारख्या दमट हवेत जन्म गेलेल्यांचे ओठ आणि नाक तासाभरात कोरडे पडतात. गोळ्यांच्या वेळांबद्दल मी काही सांगणार नाही, कारण पूर्वेला जाताना दिवस आखडतो आणि दोन गोळ्यांमधलं अंतर कमी होतं. हा प्रश्न निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा आणि उत्तर त्यांच्याकडून कागदावर घ्या. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत, इंग्रजी चिठ्ठीसकट. न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात.

खाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण कोकणातला माणूस न्यूझीलंडच्या विमानतळावर अडकतो तो इथेच.

तुमची यादी मी वाचली: कुळथाचं पीठ, सोलं, आंब्याची साठं, तळलेले गरे, खाजं, सुके बांगडे, घरच्या काजूच्या बिया आणि घरच्या पेट्यांमधलं मध. मध आत्ताच यादीतून काढा, ते चालत नाही. न भाजलेल्या काजूच्या बिया, फणसाच्या आठळ्या, म्हणजे रुजू शकेल असं काहीही नको. ताजी फळं नकोत. विमानात दिलेलं सफरचंद पिशवीत राहिलं म्हणूनही लोकांना दंड झाले आहेत. सुके बांगडे घरीच ठेवा. बाकीचं न्यायचं तर दुकानातलं, सीलबंद, इंग्रजी लेबलाचं न्या आणि त्यांच्या प्रवासी घोषणापत्रात ‘खाद्यपदार्थ आहेत’ याला हो म्हणा. हेही ऑनलाइन आणि फुकट आहे. हो म्हटल्यावर अधिकारी बघतो, चालत असेल ते देतो, नसेल ते काढून घेतो, दंड करत नाही. लपवलं आणि कुत्र्याने हुंगून काढलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर, आपले वीस हजारांच्या घरात. साठांसाठी वीस हजार म्हणजे साठंही लाजतील.

आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे चपला. गेल्या तीस दिवसांत शेताबागेत गेला होतात का, असा प्रश्न त्या घोषणापत्रात असतो. बागायतदाराचं उत्तर अर्थातच हो. ज्या पायताणांनी बागेत फिरता ती सोबत नेऊच नका, आणि न्याल त्या बुटांच्या तळव्याच्या खाचांतली तांबडी माती जुन्या दातब्रशने काढून, धुऊन, वाळवून न्या. तिथे ते बूट उलटे करून बघतात. दुसरी म्हणजे डोक्यातला गजरा. विमानात माळून बसायला हरकत नाही, उतरण्याआधी काढून तिथल्याच कचरापेटीत टाका.

हा सोवळेपणा कशासाठी, हे यजमानांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे आंब्याला टांगतात ना, फळमाशीसाठी? तीच माशी. २०२५च्या जानेवारीत ऑकलंडच्या पापाटोएटोए नावाच्या उपनगरात एका सापळ्यात एक नर मिळाला, एकच, तर त्या भागातून फळं-भाज्या बाहेर न्यायला बंदी घातली गेली. त्यांच्याकडे ही माशी वसलेली नाही, आणि वसू द्यायची नाही. एका माशीसाठी अख्खं उपनगर अडवणारा देश, हे ऐकल्यावर मला वाटतं यजमान तपासणीच्या रांगेत कुरकुर न करता उभे राहतील. कदाचित अधिकाऱ्याशी गप्पाही मारतील. ऑकलंडमध्ये फिरताना लोकांच्या परसातल्या फळझाडांकडे लक्ष ठेवायला सांगा, सापळा टांगलेला दिसू शकतो.

नारळाचंही सांगून टाकते. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं जरूर घाला, ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सगळी वाडी जमवा, पण प्रसादाचा नारळ घरी वाटून टाका. सुकं खोबरं तर विमानाच्या सामानात घालूच नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात. खोबऱ्याच्या वाटपाशिवाय चौदा दिवस कसे निघतील असं वाटत असेल तर ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम रोडला जा. डाळी, तांदूळ, मसाले, कढीपत्ता, सगळी आपली दुकानं. आणि मासे खाणाऱ्यांची तिथे उपासमार होत नाही. हिरव्या कडेचे, तळहाताएवढे शिंपले एकदा खाऊन बघा आणि मग आपल्या खाडीतल्यांशी तुलना करून भांडा.

आता पहिल्या दिवसाचं. ऑकलंडला उतरल्यावर दुपारी खोली मिळेपर्यंत सामान हॉटेलात ठेवा आणि बाहेर पडा. कॉर्नवॉल पार्क नावाचं मोठं उद्यान शहराच्या मधोमध आहे, तिथे खरीखुरी मेंढरं चरतात. गवतावर बसा. दुपारचं ऊन अंगावर येऊ द्या, शरीराचं घड्याळ पुढे सरकवायला तेच उपयोगी पडतं. पण टोपी घाला. तिथली हवा गार लागते आणि ऊन मात्र कातडी सोलून काढतं. रात्री नऊपर्यंत कसंबसं जागं राहून झोपा. दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडल्या उजाडल्या फिरायला निघायचा आपला शिरस्ता दोन-तीन दिवस मोडा, कारण तिथल्या सकाळी सहाला शरीरात रात्रीचे साडेदहा असतात आणि तेव्हाचा उजेड घड्याळ उलट्या दिशेला ढकलतो. पडदे ओढून पडून राहा.

पहिल्या दिवशी घरी फोन करा तो ‘पोचलो’ एवढंच सांगायला. व्हिडिओ लावू नका. “कसा वाटला गो?” असं पलीकडून कोणीतरी विचारणारच, आणि थकलेल्या तोंडातून जे जाईल ते वेंगुर्ल्याच्या बाजारात संध्याकाळपर्यंत पोचेल. मग तुम्हालाही तेच खरं वाटायला लागेल. नणंदेने बहुधा हेच केलं असावं.

तुम्हाला कॅलेंडरवरची दृश्यं पहिल्या दिवशी दिसणार नाहीत, हे मनाशी धरून चला. विमानतळ जगभर सारखेच. बाहेर पडल्यावर रुंद मोकळे रस्ते, बुटकी घरं, डावीकडूनच चालणाऱ्या गाड्या, संध्याकाळी लवकर बंद होणारी दुकानं. यजमान म्हणतील, माणसं कुठे गेली? समुद्र दिसेल तेव्हा म्हणतील, हा तर आपल्याकडेही आहे. म्हणू दे. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्राने चकित करणं अवघडच असतं. पण त्या समुद्राच्या कडेला, खडकाला धरून वाकडीतिकडी वाढलेली पोहुतुकावाची झाडं बघा. नोव्हेंबरअखेर काहींवर लाल फुलं येऊ लागतात, डिसेंबरात सगळं लालभडक होतं.

तुमच्यासाठी खरी गंमत निराळी आहे, आणि ती तुमच्याइतकी कोणाला कळायची नाही. दुपारी एकच्या सुमारास उभ्या राहा आणि सावलीकडे बघा. सूर्य उत्तरेला असेल, सावली दक्षिणेला पडलेली. आयुष्यभर फळ्यावर शिकवलेलं तुमच्या पायाशी पडलेलं असेल. दिशा चुकल्यासारखं होईल. दक्षिण गोलार्धात नव्याने गेलेला माणूस रस्ते चुकतो त्याचं हे एक कारण, आपण नकळत सूर्यावरून दिशा धरतो. रात्री चंद्र बघा, उलटा टांगलेला. उशिरापर्यंत जागं राहता येऊ लागलं की पूर्वेला उगवलेलं मृग नक्षत्रही डोकं खाली करून दिसेल. तिकिटाशिवाय, पहिल्या चोवीस तासांत, पेंगुळलेल्या डोळ्यांनीही हे बघता येतं. वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्यांचा गट मोबाइलवर असेल तर या सावलीचा फोटो तिथे टाका, तेवढी सूट देते.

पहिल्या दर्शनाचं म्हणाल तर न्यूझीलंडच्या बाबतीत इतिहासच बोलका आहे. तुमच्या वेंगुर्ल्यात पडकी डच वखार आहे. ती ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, त्याच कंपनीने बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) धाडलेला आबेल तास्मान १६४२च्या डिसेंबरात तिथे पोचला. तो देश पाहिल्याची नोंद असलेला पहिला युरोपीय तोच. दक्षिण बेटाच्या टोकाशी नांगर टाकला, तिथल्या मूळच्या माओरी लोकांशी चकमक झाली, त्याचे चार खलाशी मेले. त्याने त्या जागेला ‘खुन्यांचा उपसागर’ नाव दिलं आणि त्या भूमीवर पाऊलही न ठेवता निघून गेला. आज त्याच पाण्याला गोल्डन बे म्हणतात आणि लोक सुट्टीला जातात. तास्मान बिचारा महिनोन् महिने समुद्रात होता, त्याला चांगीत खोली मिळाली नव्हती.

कापायच्या गावांबद्दल. मला तुमचा रोटोरुआ ठेवावासा वाटतो, एका अटीवर, तिसऱ्या दिवशी जा. जमिनीतून वाफा निघतात, चिखल उकळतो, आणि गावभर गंधकाचा वास. पहिल्या दिवशी डोकं जड असताना तो वास नकोसा होईल. तिसऱ्या दिवशी तुम्हाला संगमेश्वरजवळच्या तुरळची गरम कुंडं आठवतील. क्वीन्सटाऊनहून एका दिवसात मिलफर्ड साउंड (उंच कड्यांमधली समुद्राची खाडी) करून परत यायचं भाच्याने लिहिलंय, ते बदला. जाऊन-येऊन बारा-तेरा तासांचा दिवस होतो आणि सगळा गुडघ्यावर येतो. त्याऐवजी ‘ते आनाऊ’ नावाच्या गावात दोन रात्री राहा, तिथून मिलफर्ड दोन-अडीच तासांवर आहे. आणि त्या दिवशी पाऊस लागला तर इतर प्रवासी तोंडं पाडतील, तुम्ही पाडू नका. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ आपली आंबोलीच. पावसात तिथल्या सरळसोट कड्यांवरून जागोजाग धबधबे फुटतात, कोरड्या दिवशी ते नसतात. पावसाला नावं न ठेवता कठड्याला धरून उभं राहायचं कसं, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. उरलेल्यांतली कुठली दोन गावं गाळायची ते तुम्ही ठरवा; ज्यांच्यापुढे भाच्याने ‘फोटो थांबा’ असं लिहिलंय तिथूनच सुरुवात करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही ग्रॅच्युइटीचा उल्लेख दोनदा केलाय, आणि ‘या वयात’ हे एकदा. त्याबद्दल मला एवढंच वाटतं: कोकणात घर सोडायला नेहमी कारण लागत आलं आहे. गिरणी, बोट, आखात, नाही तर सुनेचं बाळंतपण. बाई परदेशी गेली म्हणजे कोणाचं तरी पोर सांभाळायला गेली, असं गाव धरून चालतं. तुम्ही कोणाचं काही करायला निघालेल्या नाही, नुसतं बघायला निघाला आहात, म्हणून तुम्हाला ते चोरी केल्यासारखं वाटतंय. पैसे तुमचे, पगार तुम्ही कमावलेला. नणंदेने, शेजारणीने विचारलं तर खर्चाचा आकडा सांगायला तुम्ही बांधलेल्या नाही. आणि सिंगापूरच्या खोलीचे पैसे त्या आकड्यात आधीच धरा, मागाहून वाढवलेला खर्च घरात जास्त टोचतो.

परतीचा विचार फार करू नका. तो पश्चिमेचा प्रवास, दिवस लांबतो, शरीर फारशी तक्रार करत नाही. येताना सिंगापूरला लगेच विमान बदललंत तरी चालेल. चार-पाच दिवस पहाटे तीनला जाग येईल तेवढीच.

राहता राहिले यजमान. हा माणूस सिंगापूरला एक दिवस थांबायला का कुरकुरतोय, हे त्यांच्या पत्नीने मला लिहिलेलं नाही, पण नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे काजूला पालवी-मोहोर आणि आंब्यावर पहिल्या फवारणीचे दिवस. त्यांना खाटेची नाही, बागेची काळजी आहे. निघण्याआधी शेजारच्या बागायतदाराशी पक्कं बोलून घ्या, औषधाचं नाव आणि प्रमाण कागदावर लिहून द्या, पंपाचं पेट्रोल भरून ठेवा, आणि फोनची वेळ ठरवून टाका: भारतातले सकाळचे साडेअकरा, म्हणजे तिथले संध्याकाळचे सात. दिवसातून एकदाच. नाही तर ते मिलफर्डच्या बोटीवर उभं राहून तुडतुड्यावर बोलत बसतील, आणि तिथे रेंजचाही भरवसा नसतो.